दीक्षा न झालेल्या भंडारेबाई

भंडारेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रिकाम्या बाकांना उपदेश करत होत्या.

जूनमधला शनिवार होता. मी इस्लामपूरहून एसटीने सांगलीला आले होते आणि तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने आमच्या सेमिनरीच्या फाटकापर्यंत. बी.एस्सी. झाल्यावर माझ्या मैत्रिणी कुणी बी.एड.कडे, कुणी पुण्याच्या कंपन्यांकडे वळल्या. मी ईश्वरविज्ञान आणि पाळकीय सेवा शिकायला, म्हणजे बी.डी. करायला आले होते. ऑफिसला कुलूप होतं आणि वॉचमन जेवायला गेला होता. प्रार्थनामंदिराचं दार तेवढं उघडं होतं आणि आतून एका बाईंचा आवाज येत होता. आवाज चढा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत नीट पोचणारा होता. आत सभा चालू असेल असं वाटून मी चपला काढल्या, बॅगेसकट आत शिरले, तर बाक सगळे मोकळे.

व्यासपीठाच्या शेजारी, खाली जमिनीवर, फिकट निळी सुती साडी नेसलेल्या, साठीकडे झुकलेल्या एक बाई उभ्या होत्या. हातात बायबल होतं पण त्या त्यात बघत नव्हत्या. मधूनच थांबत, डाव्या कोपऱ्यात कुणी खोकल्यासारखं तिकडे बघत, पुन्हा बोलू लागत. मी मागच्या बाकावर बसले. त्यांनी मला पाहिलं, पण बोलणं तोडलं नाही. विषय हागारेचा होता. अब्राहामाच्या घरातून हाकलून दिलेली हागार, वाळवंटात पाणी संपल्यावर पोराला झुडपाखाली टाकते आणि त्याचं मरण डोळ्यांनी बघायला नको म्हणून लांब जाऊन बसते. बाई म्हणाल्या, "तिला विहीर दिसली, हे आपण सगळ्यांना सांगतो. ती आधी लांब जाऊन बसली, हे मात्र घाईघाईने ओलांडतो. मला त्या बसण्याबद्दल बोलायचंय."

उपदेश संपला. सवयीने मी उठून मान खाली घालून उभी राहिले, कारण आमच्याकडे उपासनेच्या शेवटी पाळक हात वर करून लोकांना आशीर्वाद देतात. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही म्हणून मी डोळे उघडले. बाई बायबलला कापडी वेष्टन घालत होत्या. मला म्हणाल्या, "आशीर्वादासाठी उभी राहिलीस होय? तो दीक्षा झालेल्या पाळकाने द्यायचा असतो. मला तो अधिकार नाही. तू आमेन म्हण, म्हणजे झालं." आणि मग त्याच सुरात, मी जेवले आहे का असं विचारलं.

हे दीक्षेचं प्रकरण बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्यात ईश्वरविज्ञानाची पदवी घेतली म्हणून कुणी पाळक होत नाही. मंडळ्यांची, म्हणजे गावोगावच्या चर्चची, जी मुख्य समिती असते ती निवड करते, आणि मग एका उपासनेत आधी दीक्षा झालेले पाळक नव्याच्या डोक्यावर हात ठेवतात. त्यानंतरच त्याला बाप्तिस्मा करता येतो, प्रभुभोजनाची भाकर मोडून देता येते, आशीर्वाद देता येतो. बायकांच्या डोक्यावर हे हात कधी ठेवले गेले नव्हते. शिकायला बंदी नव्हती. भंडारेबाई त्यांच्या वर्गात पहिल्या आल्या होत्या, दक्षिणेत जाऊन एम.टीएच. ही पुढची पदवी घेऊन आल्या होत्या, आणि त्यानंतर आयुष्यभर त्यांनी आमच्या सेमिनरीत उपदेश कसा करावा आणि दुःखातल्या माणसाजवळ कसं जावं हे दोन विषय शिकवले. सातारा-सांगलीकडच्या मंडळ्यांत आज जे पाळक उभे आहेत त्यांतले बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलेले. रविवारी ते सगळे ठिकठिकाणी व्यासपीठावर असत. बाईंना रविवारी कुणी बोलवत नसे. म्हणून त्या शनिवारी बोलत.

वर्गात त्या हजेरी घेत नसत. पोरांकडे नुसत्या बघत, आणि जो आला नसेल त्याचं नाव घेऊन "तो बरा आहे ना?" एवढंच विचारत. त्यांच्या वर्गात मी एकटी मुलगी आणि बाकी मुलगे. आमच्यातला प्रत्येक जण पाळीपाळीने उपदेश करायचा आणि बाई मागच्या बाकावर बसून ऐकायच्या. उपदेश लांबला की त्या खिडकीबाहेर बघू लागत. एकदा जतकडच्या एका मुलाने घसा फोडून बोलून घामाघूम होऊन खाली बसल्यावर त्या म्हणाल्या, "तुझं सांगून केव्हाच झालं होतं. नंतर तू भीतीपोटी बोलत होतास. लोक गप्प बसले की भीती वाटते, होय ना? वाटू दे. त्यांना गप्प बसायला आपणच तर बोलावलेलं असतं."

मृत्यूच्या घरी काय बोलावं यापेक्षा काय बोलू नये हे त्यांनी जास्त शिकवलं. 'देवाची इच्छा' हे दोन शब्द कुणी उच्चारले की त्यांचा चेहरा बदलायचा. "तुला देवाने फोन केला होता का?" त्या विचारायच्या. "नाही ना? मग त्याच्या वतीने बोलू नकोस. चहा करता येतो का तुला? मग त्या घरात जाऊन चहा कर." मुलगे हसायचे. बाई हसायच्या नाहीत.

दर बुधवारी त्या आम्हाला दोघादोघांनी मिरजेच्या एका दवाखान्यात घेऊन जात. माझी पाळी आली तेव्हा मी प्रार्थनेची वाक्यं पाठ करून गेले होते. पुरुषांच्या वॉर्डात एका खाटेवर मूत्रपिंडाच्या आजाराने सुजलेला माणूस पडला होता आणि खाली फरशीवर त्याची बायको गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. जतच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या हद्दीवरचं गाव. बाई तिच्या शेजारी खाली फरशीवर बसल्या. मीही बसले. बाई काही बोलेनात. मी अस्वस्थ. शेवटी त्या बाईनेच विचारलं, "तुमी कोण म्हणायच्या?"

"कुणी नाही. बसायला आलोय," भंडारेबाई म्हणाल्या.

मग ती शेळ्यांबद्दल बोलायला लागली. शेळ्या शेजारणीकडे ठेवून आली होती, त्यातली एक गाभण होती, शेजारीण तिला चारा घालते की नाही कोण जाणे. नवऱ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बाईंनी सगळं ऐकलं, शेळीचा रंगसुद्धा विचारला. आम्ही उठलो तेव्हा ती म्हणाली, "लय दिस झालं, कोण बसलं न्हवतं जवळ. परत येताय न्हवं?" माझी पाठ केलेली प्रार्थना तशीच राहिली.

पुढच्या बुधवारी पाळी नसताना मी गेले, तर त्या खाटेवर दुसराच माणूस होता. सिस्टरने सांगितलं, आदल्या दिवशी तो गेला, गाडी करून गावाकडे नेला. बाईंनी सिस्टरकडून गावाचं नाव घेतलं आणि त्या शनिवारी मला बरोबर घेऊन एसटीने त्या गावाला गेल्या. माझ्या शिक्षणाच्या काळात शनिवारी मंदिर मुकं राहिलं ते तेवढंच. उन्हात वस्ती शोधत आम्ही पोचलो. त्या बाईने आम्हाला ओळखलं, रडली नाही, आत नेलं आणि शेळी दाखवली. शेळी व्यायली होती. परत येताना एसटीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मला सांगितलं की त्यांची आई वाईच्या दवाखान्यात वारली तेव्हा वडील शिकवायचे त्या शाळेतले सगळे येऊन प्रार्थना करून गेले होते, एक जणही बसला नव्हता. त्या तेव्हा कॉलेजात होत्या. त्या दिवशी पाळक व्हायचं ठरलं म्हणाल्या.

सेमिनरीच्या मागच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मी संध्याकाळी अनेकदा तिथे जायची. घर स्वच्छ, पुस्तकं भिंतीला लावलेली, आणि एकच खुर्ची टेबलाशी. दुसरं कुणी आलं तर त्या स्वतः पलंगाच्या कडेवर बसत. टीव्ही नव्हता. रेडिओ होता, तो त्या बातम्यांपेक्षा घरात आवाज असावा म्हणून लावत, हे त्यांनीच एकदा सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तो बंद केला. नाताळात सगळे शिक्षक आपापल्या गावी जात. बाई राहत. पुण्यातला भाचा बोलवायचा, पण त्या म्हणायच्या की तिथे त्या पाहुण्या होतात आणि मग पाहुण्यासारखं हसावं लागतं.

लग्न का केलं नाही हे मी विचारलं नव्हतं. बाईंनी आपणहून सांगितलं. तरुणपणी एका पाळकांकडून मागणी आली होती, माणूस चांगला होता. "मला पाळकीणबाई होण्याची मागणी आली होती गं," त्या म्हणाल्या. "पाळक होण्याची नाही आली." एम.टीएच. झाल्यावर दक्षिणेतल्या एका मंडळीने त्यांना तिथेच राहा, आम्ही दीक्षा देतो असं सांगितलं होतं. तिकडे बायकांना दीक्षा देत होते. बाई परत आल्या. त्यांना वाटलं होतं, आपल्या माणसांत, आपल्या भाषेत बोलायचं आहे, आणि आपली माणसं आज ना उद्या देतीलच. "चुकलं का, असं कधीतरी वाटतं," एवढं म्हणून त्या भाजी निवडायला लागल्या. मीही एक जुडी ओढून घेतली. तोवर मी तेवढं शिकले होते.

माझी बी.डी. संपली. मला तासगावच्या पुढे, द्राक्षबागांमधल्या एका लहान मंडळीत सहायक म्हणून पाठवलं. उपदेश करायचा, आजाऱ्यांना भेटायचं, पण भाकर मोडायला दर महिन्याला सांगलीहून पाळक येणार. छाटणीच्या दिवसांत माझे लोक उजाडताच बागेत जायचे, म्हणून उपासनाही पहाटे करावी लागे. तिथे काही वर्षं गेल्यावर समितीने ठराव केला की बायकांनाही दीक्षा देता येईल. त्याच ठरावात वयाची अट होती. निवृत्तीचं वय ओलांडलेल्यांना दीक्षा नाही, कारण मग त्यांना मंडळी देणार कशी. भंडारेबाईंनी ते वय नुकतंच ओलांडलं होतं. सेमिनरीने मुदतवाढ दिली म्हणून त्या शिकवत होत्या एवढंच. पहिलं नाव माझं निघालं.

ही बातमी त्यांना फोनवर सांगणं मला जमेना. मी सांगलीला गेले. त्या पलंगाच्या कडेवर बसून मेथी निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. "छान झालं," त्या म्हणाल्या. आणखी थोडी मेथी निवडली, मग उठून आतल्या खोलीत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. नळाचा आवाज आला. मी बसून राहिले, खुर्चीवर, टेबलावरच्या त्यांच्या चष्म्याकडे बघत. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस नीट केलेले होते. "दीक्षेच्या झग्याचं माप दिलंस का?" त्यांनी विचारलं. "पुरुषांचा घालशील तर पायात अडकून पडशील."

त्याच आठवड्यात त्या मला सांगलीच्या पेठेतल्या एका शिंप्याकडे घेऊन गेल्या. तो वकिलांचे कोट आणि पाळकांचे झगे शिवायचा. त्याने टेप गळ्यात घालत विचारलं की झगा घालणारे साहेब कुठे आहेत. बाई म्हणाल्या, "साहेब हीच." तो माझ्याकडे, मग बाईंकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "म्हंजे तुमचा नकोय?" त्याला वाटलं होतं, दोघींत वयाने मोठ्या त्या, तर झगा त्यांचा असणार. बाईंनी नको म्हटलं आणि कापडाचा पोत बघायला लागल्या.

मी समितीला एकच विनंती केली होती. माझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यांत भंडारेबाई असाव्यात. समितीचे सचिव बाईंचेच विद्यार्थी होते, मनाने सरळ माणूस. त्यांनी मला घरी बोलावून सांगितलं की नियमाप्रमाणे दीक्षित पाळकच हात ठेवू शकतात, एकदा सूट दिली तर ठरावच मोडायला टपलेल्यांना कारण मिळेल. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी परत येऊन बाईंना सांगितलं की असं असेल तर मला दीक्षा नको. मला वाटलं होतं त्या हेलावतील. त्या चिडल्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तू नको म्हटलंस की त्यांची अडचण मिटली," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी त्यांची अडचण मिटवू नकोस. मी आयुष्यभर त्यांची अडचण होऊन इथे बसलेय, ते काय तू घरी जावंस म्हणून?"

दीक्षेच्या दिवशी मे महिन्याचा उकाडा होता. मंदिर भरलं होतं, लोक बाहेर मांडवात उभे होते. माझे आई-बाबा पुढे बसले होते, बाबा साखर कारखान्यातल्या मित्रांना घेऊन आले होते. बाई मधल्या रांगेत कडेला. मी गुडघे टेकले आणि पाळक सगळे भोवती आले. एकावर एक हात डोक्यावर पडले, जड, घामाने ओले. मान खाली असल्याने मला फक्त बूट दिसत होते. या सगळ्या हातांना बाईंनी कधी ना कधी वहीवर, बायबलवर, रुग्णाच्या खाटेवर कसं ठेवायचं ते शिकवलेलं होतं. ओझ्याने माझी मान दुखायला लागली आणि मला रडू येत होतं ते कशाचं हे तेव्हाही सांगता आलं नसतं.

नंतर प्रभुभोजन. नव्या पाळकाने पहिल्यांदा भाकर द्यायची असते. लोक एकेक करून पुढे येत होते, मी प्रत्येकाच्या ओंजळीत तुकडा ठेवत होते आणि वाक्य म्हणत होते: ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं. बाई सगळ्यांत शेवटी आल्या. गुडघा दुखत असूनही त्या टेकल्या, ओंजळ पुढे केली. मी तुकडा उचलला आणि माझं वाक्य अडलं. त्यांना मी जन्मात कधी 'तू' म्हटलं नव्हतं. 'तुमच्यासाठी' म्हणावं तर उपासनेच्या पुस्तकात तसं नाही. मी उभी. मागे गाणं संपत आलेलं. बाईंनी वर बघितलं नाही. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "तुझ्यासाठी म्हण. तसंच असतं ते."

मी म्हटलं. त्यांनी ओंजळ मिटली, आमेन म्हणाल्या, आणि बाकाचा आधार घेत उठून आपल्या जागी गेल्या. त्या दिवशी लोकांनी माझे फोटो काढले. एकाही फोटोत बाई नाहीत. जेवणं चालू झाली तेव्हा त्या निघून गेल्या होत्या.

वर्षभरात सेमिनरीने त्यांची मुदतवाढ थांबवली. त्यांचे दोन्ही विषय दुसऱ्या एका विषयात मिळवून टाकले, ज्यात मंडळीचं व्यवस्थापन आणि नेतृत्व शिकवतात. निरोपाला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. बाईंनी बोलायची वेळ आल्यावर आभार मानले आणि खाली बसल्या. क्वार्टर सोडून त्या साताऱ्याला गेल्या, कारण वडील शेवटच्या दिवसांत राहत होते ती एक लहान जागा तिथे होती, खिडकीतून अजिंक्यतारा दिसणारी. पुस्तकं त्यांनी सेमिनरीलाच दिली.

साताऱ्याच्या मंडळीचे पाळक बाईंचे विद्यार्थी. ते त्यांना घरी भेटायला जात, पायाही पडत, पण उपदेशाला मात्र कधी उभं केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले की मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींना चालणार नाही. त्यांनी वडीलमंडळींना विचारलं होतं की नाही, ते मला ठाऊक नाही. बाई दर रविवारी तिथे जात, बसत, परत येत. मी फोन केला की त्या दिवशीचा उपदेश कसा झाला हे त्या सांगत, आणि कुठे थांबायला हवं होतं तेही. शनिवारी आता त्या कुठे बोलतात, असं मी एकदा विचारलं. "घर लहान आहे," त्या म्हणाल्या. "आवाज शेजारी जातो."

तासगावहून सातारा लांब पडतं, आणि मंडळी एकटीने सांभाळायची म्हणजे रविवार तर जातोच, इतर दिवसही कुणाचं बारसं, कुणाचं दुखणं. माझं जाणं दोन-तीन महिन्यांतून एकदा होऊ लागलं. बाई तक्रार करत नसत. मी निघाले की गल्लीच्या तोंडापर्यंत येत आणि मी वळेपर्यंत उभ्या राहत.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. भाच्याने पुण्याहून येऊन दवाखाना केला, सांभाळायला संगीता नावाची बाई ठेवली आणि आठवड्याला येत राहिला. मी गेले तेव्हा बाई खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. डोळे तेच होते. त्या काहीतरी म्हणायला गेल्या आणि तोंडातून नुसता एक आवाज आला. तो ऐकून त्यांनी तोंड मिटलं, आणि त्यानंतर कुणासमोर बोलायचा प्रयत्न केला नाही. आयुष्यभर ज्या बाईने रिकाम्या बाकांसाठीसुद्धा वाक्यं घासूनपुसून आणली, ती असला आवाज लोकांना कसा ऐकवणार.

मी आठवड्यातला एक दिवस मोकळा करून जायला लागले. सुरुवातीला नुसती बसून राहायची. पण बाईंना ते पुरेना असं दिसलं. त्यांची नजर माझ्या बॅगेकडे जायची. म्हणून मी रविवारचा उपदेश लिहून नेऊन त्यांना वाचून दाखवू लागले. त्या डोळे मिटून ऐकत आणि डाव्या हाताची बोटं खाटेच्या लोखंडी कडेवर असत. कुठे मी लांबण लावली की बोटं वाजत. मी थांबायची, तेवढा भाग वगळून पुढे जायची, बोटं गप्प. संगीता दाराशी बसून बघायची. मला एकदा म्हणाली, "आवं म्याडम, तुमी वाचाय लागला की न्हाई, जित्या हुत्यात बगा त्या. न्हाईतर आठवडाभर नुस्तं भिताडाकडं बगून असत्यात."

एका उपदेशात मी त्यांचंच उदाहरण घेतलं होतं, नाव न घेता, माझ्या एका शिक्षिका असं म्हणून. पहिल्याच वाक्याला बोटं वाजली. मी पुढे रेटलं. पुन्हा वाजली, जोरात. मी तो परिच्छेद काढला. आज हे लिहिताना तो लोखंडाचा आवाज मला ऐकू येतो आहे, पण आता त्यांचा इलाज नाही.

पावसाळा सरता सरता त्या खंगत गेल्या. शेवटच्या भेटीत मी वाचत होते आणि बोटं एकदाही वाजली नाहीत. मला वाटलं, उपदेश जमला. मान वर करून पाहिलं तर त्या माझ्याकडे बघत होत्या, पण ऐकत नव्हत्या. मी कागद ठेवून दिला आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. तो हलका होता, गरम होता. एसटीची वेळ झाली तरी मी उठले नाही, पुढच्या गाडीने गेले. त्यानंतर चारच दिवसांनी संगीताचा फोन आला.

दफनाला सगळे पाळक आले. साताऱ्याच्या त्या जुन्या दफनभूमीत पांढऱ्या झग्यांची एवढी गर्दी कधी झाली नसेल. सचिव आले होते, जतकडचा तो घामाघूम होणारा मुलगा आला होता, आता त्याचे केस पिकायला लागलेत. एकेकाने बाईंबद्दल सांगितलं. आदर्श शिक्षिका, समर्पित भगिनी, असे शब्द होते. उपासनेचा कबरीजवळचा शेवटचा भाग मी म्हटला. माती टाकून झाली, फुलं ठेवून झाली, आणि लोक मंदिराच्या आवारात चहा ठेवला होता तिकडे निघाले.

एक म्हाताऱ्या बाई मागे रेंगाळल्या होत्या. खेड्यातून मुलाकडे साताऱ्याला राहायला आलेल्या, असं त्यांच्या नेसण्यावरून आणि बोलण्यावरून दिसत होतं. त्यांनी मला विचारलं, मी बाईंची कोण. मी विद्यार्थिनी म्हणाले.

"म्हंजी मास्तरीण होत्या व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नर्स असतील. दर ऐतवारी शेजारी बसत होतो आमी दोघी. मला वाचाय येत न्हाई, तर गाण्याची ओळ आधी कानात सांगायच्या मला. मंग मी म्हणायची."

"त्या पाळक होत्या, आजी," मी म्हटलं.

त्यांनी चहाकडे चाललेल्या पांढऱ्या झग्यांकडे पाहिलं, मग माझ्या झग्याकडे. "मंग बोलल्या न्हाईत त्या कवा."

"कुणी बोलावलं नाही त्यांना."

"आमाला ठावं असतं तर आमीच म्हटलं असतं की," त्या म्हणाल्या. "बाई, बोला म्हणून."

त्यांचा मुलगा फाटकातून हाक मारत होता. त्या निघाल्या, थोडं गेल्यावर थांबल्या आणि वळून ओल्या मातीकडे बघत उभ्या राहिल्या. मग मुलगाच आत आला आणि हाताला धरून त्यांना घेऊन गेला.